पुरुषांचे लैंगिक प्रॉब्लेम आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, वीर्याची तपासणी करत अठरा वर्षं झाली. रिपोर्ट हातात पडला की बहुतेक पुरुष काउंटरवर काही विचारत नाहीत, खिशात घालून निघून जातात, आणि मग रात्री अकरा वाजता कुठूनतरी नंबर मिळवून मेसेज करतात. गेली दोन-तीन वर्षं त्या मेसेजमध्ये एक शब्द सारखा येतोय, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेला असतो, कुणी औषधाच्या डब्यावर वाचलेला असतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकत्र लिहितोय. औषध कुठलं घ्यायचं हे मी सांगणार नाही, ते तपासून सांगायचं काम डॉक्टरांचं.

१. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे टेन्शनच ना? ऑफिसचं टेन्शन कमी केलं की जाईल का?

नाही, नाव सारखं आहे पण गोष्ट वेगळी. शेंगदाण्याचा कूट किंवा सुकं खोबरं जास्त दिवस उघडं राहिलं की खवट होतं ना, ते त्यातल्या तेलावर ऑक्सिजनची क्रिया होऊन होतं. शरीरातही असंच काहीसं सतत चालू असतं. पेशी ऑक्सिजन वापरून ताकद तयार करतात आणि ते करताना थोडे चिडके रेणू बाहेर पडतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, सुपरऑक्साइड, हायड्रॉक्सिल वगैरे, आणि ते जवळ जे सापडेल त्याला बिघडवतात, चरबी, प्रथिनं, डीएनए काहीही. त्यांना आवरायला शरीराकडे स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा असते. रॅडिकल जास्त आणि आवरणारे कमी, असं झालं की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. मनावरच्या ताणाने झोप, सिगरेट, दारू, खाणं बिघडतं आणि त्या वाटेने हा वाढू शकतो, पण माणूस एकदम शांत स्वभावाचा असला तरी शुगर तीनशे असेल तर त्याच्या रक्तवाहिन्यांत हा स्ट्रेस असणारच.

२. याचा आणि ताठरतेचा काय संबंध? ती तर मनाची गोष्ट आहे ना?

मनापासून सुरू होते पण शेवटचं काम रक्तवाहिन्यांचं. उत्तेजना आली की लिंगातल्या नसा म्हणजे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात, त्याने सीजीएमपी नावाचा निरोप्या तयार होतो, स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि ताठरता येते. या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद अशा तिघांना.

आता सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड समोरासमोर आले की क्षणात एकमेकांना चिकटतात आणि पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं, म्हणजे उपयोगाचा वायू तर गेलाच, वर नवीन विषारी पदार्थ तयार झाला. आणि पुढे अजून वाईट होतं. जे एन्झाइम नायट्रिक ऑक्साइड बनवतं त्याला एक मदतनीस रेणू लागतो, तो या पेरॉक्सिनायट्राइटने खराब झाला की तेच एन्झाइम उलटं सुपरऑक्साइड बनवायला लागतं. म्हणूनच एकदा सुरू झालेली गडबड वाढत जाते.

पहाटे ताठरता व्यवस्थित येते आणि जोडीदारासोबत असतानाच येत नाही, असं असेल तर बहुधा वाहिन्या ठीक आहेत आणि भीती, दडपण याकडे बघायला हवं. पहाटेचीही हळूहळू बंद झाली असेल तर पुढचा प्रश्न नक्की वाचा.

३. वय ४४. ताठरता कमी झाली म्हणून गेलो तर डॉक्टरांनी ईसीजी, शुगर, कोलेस्टेरॉल काढायला लावलं. पैसे काढायचा धंदा आहे का हा?

नाही हो, चांगले डॉक्टर भेटले तुम्हाला. लिंगाच्या धमन्या साधारण एक ते दोन मिलिमीटर जाडीच्या, हृदयाच्या तीन ते चार. अस्तर सगळीकडे सारखंच खराब होतं पण लहान नळीत ते आधी जाणवतं. त्यामुळे बऱ्याच जणांना छातीत दुखायच्या दोन ते पाच वर्षं आधी ताठरतेचा त्रास सुरू झालेला असतो. पुरुष शरमेने तो सांगत नाहीत आणि तेवढी वर्षं हातची जातात, याचं मला खरंच फार वाईट वाटतं. आमच्याकडे लिपिड प्रोफाइलसाठी हार्ट अटॅक येऊन गेल्यावर आलेले कितीतरी जण हळूच म्हणतात की हा त्रास तर मला आधीपासून होता.

आणि तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली होती, १९९४ साली आकडे आले, त्यात ५२ टक्के पुरुषांना कमीजास्त प्रमाणात हा त्रास होता.

४. दहा वर्षं शुगर आहे. ती निळी गोळी घेतली तरी काही होत नाही. गोळी डुप्लिकेट असेल का?

असूही शकते, पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. ती निळी गोळी म्हणजे सिल्डेनाफिल, आणि ती नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही. प्रश्न २ मधला निरोप्या जो आहे, सीजीएमपी, त्याला मोडणारं एन्झाइम ती अडवते, इतकंच. निरोप्या मुळात तयारच होत नसेल तर अडवून काय होणार? वर्षानुवर्षं शुगर वाढलेली असली की साखर प्रथिनांना चिकटून बसते, त्यातून रॅडिकल वाढतात, अस्तर खराब होतं आणि वर नसाही मार खातात. म्हणून डायबेटिसवाल्यांत या गोळीचा गुण कमी येतो. शिवाय उत्तेजना नसेल तर गोळी काहीच करत नाही, आणि भरपेट तेलकट जेवणावर घेतली की उशिरा लागते, हेही कुणी सांगत नाही.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर, आटोक्यात आणणं हा इथला खरा उपाय, आणि गोळीचा डोस बदलणं, दुसरी गोळी किंवा दुसरे उपाय डॉक्टरांकडे असतात. मात्र छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची किंवा कुठलीही नायट्रेटची गोळी चालू असेल तर ही गोळी अजिबात घ्यायची नाही, बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

५. शुक्राणूंवर याचा काय परिणाम होतो?

प्रश्न १ मधलं खवट खोबरं आठवा. शुक्राणूच्या बाहेरच्या आवरणात जी चरबी असते ती लवकर खवट होणाऱ्या जातीची असते, तशी असते म्हणूनच आवरण लवचीक राहतं आणि तो पोहू शकतो. पण शुक्राणू म्हणजे नुसतं डोकं आणि शेपूट, साठवण करायला जागाच नाही, त्यामुळे बाकीच्या पेशींसारखी अँटिऑक्सिडंटची शिदोरी त्याच्याकडे नसते. वीर्यातल्या पाण्यात व्हिटॅमिन सी, युरिक अॅसिड, काही एन्झाइम असतात, त्यांच्याच भरवशावर तो असतो. ते कमी पडले की आधी पोहणं मंदावतं, मग अंड्यात शिरायची ताकद जाते, मग आतला डीएनए तुटतो. ऑक्सिजनचा शुक्राणूंना त्रास होतो हे मॅक्लिऑड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४३ मध्येच दाखवलं होतं, म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, थोडेसे रॅडिकल शुक्राणूला लागतातच. अंड्याजवळ गेल्यावर जोरात शेपूट मारणं, टोकावरची टोपी फोडणं ही कामं त्यांच्याशिवाय होत नाहीत. म्हणून सगळे रॅडिकल संपवून टाकू हा विचारच चुकीचा आहे, पुढे प्रश्न १३ मध्ये ते येईल.

६. मी सिगरेटला हात लावत नाही. फक्त तंबाखू-चुना. त्याने थोडंच काही होतं?

होतं. आपल्याकडे हाच मोठा गैरसमज आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे फक्त ३.८ टक्के निघाले आणि खाणारे-चघळणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न मळलेल्या तंबाखूचा, मावा-खर्र्याचा आणि मिसरीचा आहे. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे, तरी पुडी कुठे मिळते हे सगळ्यांना माहीत आहे.

मुंबईत वंध्यत्वाच्या तपासणीला आलेल्या तंबाखू खाणाऱ्या पुरुषांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात जितकी खाण्याची सवय जास्त तितका काउंट (शुक्राणूंची संख्या), हालचाल आणि आकार खराब असं दिसलं. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, वर रॅडिकल वाढतात. धूर नसला तरी रक्तात तेच जातं. सिगरेटवाल्यांना तर धुरातूनच प्रत्येक झुरक्याला रॅडिकलचा लोंढा जातो, ते वेगळं सांगायला नको.

या पूर्ण यादीत एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, तंबाखू सोडा. कुठल्याही महागड्या गोळीपेक्षा हे जास्त कामाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

७. लहानपणापासून हस्तमैथुन केलं, त्याने धातू जाऊन हे झालं का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि मेसेज वाचूनच कळतं की पोरगं रडवेलं झालंय. हस्तमैथुनाने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढत नाही, नसा कमजोर होत नाहीत, वीर्य संपत नाही, ते रोज तयार होतं. स्वप्नदोष हा दोष नाहीच, नाव तेवढं चुकीचं पडलंय. धातू जातो या भीतीने भारतात इतके पुरुष आजारी पडतात की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये या भीतीलाच धात सिंड्रोम असं नाव दिलं.

उलट ज्यांच्या शुक्राणूंचा डीएनए जास्त तुटलेला असतो त्यांना डॉक्टर कधीकधी लवकर लवकर वीर्यपतन करायला सांगतात, कारण शुक्राणू साठून पडले की तिथे रॅडिकलचा मार जास्त वेळ खातात. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्याला शंभर वर्षं होऊन गेली, आणि आपल्याकडे अजून पोरांना हे घाबरत घाबरत विचारावं लागतं.

८. उष्णतेने काउंट कमी होतो म्हणतात. मी भट्टीवर काम करतो / ट्रक चालवतो / लॅपटॉप मांडीवर ठेवतो. काय करू?

अंडकोष शरीराबाहेर लटकलेले असतात ते याचसाठी, तिथे शरीरापेक्षा दोन ते चार डिग्री थंड लागतं. उष्णता वाढली की तिथल्या पेशींची धावपळ वाढते, रॅडिकल वाढतात आणि नवीन शुक्राणू मरतात. लॅपटॉप मांडीवर घेऊन तासभर बसलं की तिथलं तापमान अडीच डिग्रीहून जास्त वाढतं असं मोजलेलं आहे, थोडा भाग लॅपटॉपचा आणि थोडा मांड्या जुळवून बसण्याचा.

नोकरी सोडा असं कोण सांगणार. जमेल तेवढं करा, दर तास-दोन तासांनी उठून दहा मिनिटं चाला, सुती सैल कपडे, लॅपटॉप टेबलावर, मूल हवंय त्या काळात सॉना आणि गरम पाण्याचा टब बंद. द्राक्षबागेत, कापसावर फवारणी करणाऱ्यांनी मास्क, हातमोजे आणि नंतर आंघोळ हे सोडू नका. कीटकनाशकं या बाबतीत किती वाईट असू शकतात ते १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं, डीबीसीपी नावाचं औषध बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचे शुक्राणू जवळजवळ शून्य झाले होते, आणि कळलं कधी, तर आपल्याला मुलं का होत नाहीत हे कामगार एकमेकांशी बोलले तेव्हा.

आणि हो, डेंग्यू, मलेरियासारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने रिपोर्ट खराब येऊ शकतो. लॅबमध्ये ताप सांगा, बरेच जण सांगत नाहीत.

९. सोनोग्राफीत व्हेरिकोसील निघालं. ऑपरेशन करायलाच हवं का?

व्हेरिकोसील म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगणं, पायाला व्हेरिकोज व्हेन होतात तसंच. बहुतेक वेळा डाव्या बाजूला, कारण डावीकडची शीर वर जाऊन किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त मागे फिरतं. साचलेल्या रक्ताने उष्णता वाढते आणि पुढचं प्रश्न ८ प्रमाणेच. साधारण १५ टक्के पुरुषांना हे असतं आणि त्यातल्या पुष्कळांना मुलं व्यवस्थित होतात.

ऑपरेशनचा विचार केव्हा, तर हाताला गाठोडं लागतंय, रिपोर्ट खराब आहे आणि जोडपं मुलासाठी प्रयत्न करतंय, हे सगळं एकत्र असेल तेव्हा. नुसतं डॉपलर सोनोग्राफीत दिसलं, हाताला काहीच लागत नाही, तर ऑपरेशनने फायदा होतो असं दिसलेलं नाही. ताठरतेसाठी म्हणून व्हेरिकोसील कापायला कुणी सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

१०. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजायची टेस्ट आहे का? करू का?

आहे, वीर्यात थेट मोजता येतो, पण मोजक्या ठिकाणी आणि महाग, आणि आकडा आल्यावर उपचार फार बदलतात असंही नाही. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तिकेतही ती नेहमीच्या तपासणीत धरलेली नाही. आधी साधी वीर्य तपासणी नीट करा. २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको, नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या, घरून आणणार असाल तर खिशात शरीराजवळ ठेवून एका तासाच्या आत. पहिला थेंब सांडला असेल तर सांगा, लाजू नका, कारण सगळ्यात जास्त शुक्राणू सुरुवातीच्या भागातच असतात. एका खराब रिपोर्टवर घाबरायचं नाही, काही आठवड्यांनी परत करायचा.

साधारण खालची मर्यादा अशी: एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हो, चारच. आकार ५ टक्के बघून रडणारे खूप बघितलेत म्हणून मुद्दाम लिहितोय.

ताठरतेच्या त्रासात तर ही वीर्याची टेस्ट लागतच नाही, तिथे शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी आणि गरज पडली तर सकाळचं टेस्टोस्टेरॉन. आणि मूल होत नाही म्हणून बायकोच्या नळ्या तपासायला, दुर्बीण घालायला निघण्याआधी नवऱ्याची ही साधी तपासणी झालीच पाहिजे. जवळजवळ निम्म्या केसमध्ये पुरुषाकडेही काही ना काही असतं. चार वर्षं बाईने सगळ्या तपासण्या केल्या, टोमणे खाल्ले आणि नवरा पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा काउंट शून्य निघाला, असे रिपोर्ट मी स्वतःच्या हाताने टाईप केलेत. फार राग येतो तेव्हा.

११. रिपोर्टमध्ये पस सेल्स ८-१० लिहिलंय. इन्फेक्शन आहे का? अँटिबायोटिक चालू केलंय.

हा आमच्या लॅबवाल्यांचाच दोष आहे बऱ्याचदा. मायक्रोस्कोपखाली गोल पेशी दिसल्या की पस सेल्स लिहून मोकळे. पण गोल पेशींमध्ये अर्धवट तयार झालेले शुक्राणूही असतात, ते पस नाही. खऱ्या पांढऱ्या पेशी आहेत का ते बघायला पेरॉक्सिडेज नावाची रंग देऊन करायची तपासणी वेगळी करावी लागते, आणि एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांच्या वर असतील तर ते जास्त धरतात. त्या खरंच जास्त असतील तर मात्र दुर्लक्ष नको, कारण या पेशी जंतू मारायला रॅडिकलचाच मारा करतात आणि त्यात शुक्राणूही होरपळतात. म्हणून आधी वेगळी तपासणी, कल्चर, मग औषध. चालू केलेला कोर्स मात्र स्वतःच्या मनाने अर्धवट सोडू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा.

१२. मेडिकलवाल्याने अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्यात, महिना बाराशे रुपये. घेऊ का?

ऐकायला सगळं बरोबर वाटतं ना, रॅडिकलने बिघडलं तर अँटिऑक्सिडंटने सुधारेल. पण मोठ्या चाचण्यांत तसं झालं नाही. अमेरिकेत २०२० मध्ये दोन आल्या. एकीत पावणेदोनशेच्या आसपास जोडपी, पुरुषांना व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फॉलिक अॅसिड, लायकोपिन असं सगळं एकत्र दिलं, तीन महिन्यांनी हालचाल, आकार, डीएनए कशातच फरक नाही. दुसरीत २३७० पुरुष, सहा महिने झिंक आणि फॉलिक अॅसिड, मूल होण्याचं प्रमाण ३४ टक्के आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ३५. वर गोळीवाल्यांत डीएनए तुटण्याचं प्रमाण किंचित जास्तच निघालं. छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाय, म्हणून काही डॉक्टर तीन महिने देऊन बघतात आणि त्यात त्यांची चूक नाही. पण स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं नको.

१३. नैसर्गिकच आहे ना, जास्त घेतलं तर काय बिघडतं?

बिघडतं. एकतर प्रश्न ५ मध्ये सांगितलं तसे थोडे रॅडिकल लागतात, तेही मारून टाकले तर उलटा त्रास. दुसरं, अमेरिका-कॅनडात ३५ हजारांवर पुरुषांना व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम देऊन बघितलं तेव्हा नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला, हे २०११ मध्ये जाहीर झालं. फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर वाढला, १९९४. व्हिटॅमिन सी खूप जास्त घेतलं तर मुतखड्याचा धोका, आणि ज्यांना जी६पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मतः कमतरता आहे त्यांच्यात मोठ्या डोसने रक्तपेशी फुटू शकतात. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ई चा मोठा डोस विचारल्याशिवाय नकोच.

१४. मग खायचं काय?

घरचंच. पुरुषाला दिवसाला व्हिटॅमिन सी ८० मिलिग्रॅम लागतं आणि एका मध्यम पेरूत ते आरामात मिळतं. आवळा, शेवग्याचा पाला, टोमॅटो, डाळिंब, जांभूळ, जवसाची चटणी, तीळ, मूठभर शेंगदाणे. टोमॅटो थोड्या तेलात शिजवला की त्यातलं लायकोपिन जास्त चांगलं अंगी लागतं, म्हणजे टोमॅटोचं सार किंवा भाजी उत्तमच. परत परत तापवलेल्या तेलातली भजी-वडे मात्र कमी करा, ते तेल आधीच ऑक्सिडाइज झालेलं असतं. जेवणातून घेतलेल्या या गोष्टींचा प्रश्न १३ सारखा धोका नाही.

१५. जिम लावलीय. ट्रेनर म्हणतो टेस्टोस्टेरॉन घे, ताकद पण वाढेल आणि ते पण.

कृपा करून घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो अंडकोषाला हुकूम द्यायचं बंद करतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. पंचविशीतली पिळदार शरीराची पोरं, रिपोर्ट शून्य, दर महिन्याला एखादा तरी असतो. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात पण महिने जातात, कधी वर्षाच्या वर.

व्यायाम मात्र नक्की करा. जाड आणि ताठरतेचा त्रास असलेल्या ११० पुरुषांवर इटलीत अभ्यास झाला, २००४ मध्ये आला, दोन वर्षं वजन कमी करणं आणि चालणं एवढंच, जवळजवळ एक तृतीयांश जण त्यातून बरे झाले. आठवड्यात चार वेळा, चाळीस मिनिटं, दम लागेल असं चालणं किंवा सायकल, सहा महिने.

१६. जाहिरातीतलं चूर्ण घेतलं, एका तासात फरक. म्हणजे अँटिऑक्सिडंट काम करतात ना?

एका तासात कुठलंच अँटिऑक्सिडंट असं काम करत नाही. अशा पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिल घातलेलं वेगवेगळ्या देशांच्या औषध खात्यांनी वारंवार पकडलंय. हृदयाची गोळी चालू असलेल्या माणसाने ते घेतलं तर काय होईल ते प्रश्न ४ मध्ये वाचा. लेबलवर काय आहे हेच माहीत नसताना डॉक्टरही वाचवायला कमी पडतात.

१७. शीघ्रपतन पण यानेच होतं का?

तसा ठोस पुरावा नाही. त्याचे उपाय वेगळे आहेत आणि चांगले आहेत. फक्त एक, ताठरता टिकत नाही म्हणून माणूस घाई करतो आणि त्याला शीघ्रपतन समजतो, तसं असेल तर मूळ दुखणं ताठरतेचं आहे, प्रश्न २ वाचा.

१८. मोजणीत सगळं नॉर्मल आहे पण बायकोचं तीन वेळा मिसकॅरेज झालं. माझ्याकडून काही असेल का?

असू शकतं. मोजणीत डीएनए दिसत नाही. शुक्राणू भरपूर, पोहतातही छान, पण आतला डीएनए रॅडिकलने तुटलेला, असं होतं. त्यासाठी डीएनए फ्रॅगमेंटेशनची वेगळी टेस्ट असते आणि वारंवार गर्भपात होत असतील तर डॉक्टर ती सुचवू शकतात, साधारण ३० टक्क्यांच्या वर जास्त धरतात. वय, तंबाखू, व्हेरिकोसील, शुगर ही कारणं आधी बघायची. टेस्ट ट्यूब बेबीच्या वेळी काही केसमध्ये शुक्राणू थेट अंडकोषातून काढतात, कारण पुढच्या नळीतल्या प्रवासातच बराच डीएनए तुटतो. गर्भपाताची बाकी कारणंही असतात, त्यामुळे दोघांनी एकत्र जा, एकीला एकटीला पाठवू नका.

१९. भावाला सिकलसेल आहे. त्याला उलटा त्रास, ताठरता उतरतच नाही, दुखतं. लाजून घरी बसतो.

हे वाचून ताबडतोब हलायचं. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बराच आहे आणि हा त्रास त्याच आजाराचा भाग असतो, नाव प्रायापिझम. लाल पेशी फुटतात, आतलं हिमोग्लोबिन बाहेर येऊन नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. मग नायट्रिक ऑक्साइड कमी तर ताठरता कमी व्हायला हवी ना? पण कायम कमी असल्याने ती ताठरता उतरवणारं एन्झाइमही शरीर कमी बनवायला लागतं, आणि एकदा आलेली उतरत नाही. आत अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो, नंतर रक्त फिरलं की रॅडिकलचा मोठा लोंढा येतो आणि आतलं मांस कायमचं घट्ट होतं.

चार तासांच्या वर गेलं तर ही इमर्जन्सी आहे, रात्र असली तरी जिल्हा रुग्णालयात न्या. थोड्या थोड्या वेळाचं येऊन जात असेल तरी डॉक्टरांना सांगा, तो पुढच्या मोठ्या त्रासाचा इशारा असतो. तिथे गेल्यावर सिकलसेल आहे हे पहिलं वाक्य बोलायचं.

२०. बीपीची गोळी सुरू झाल्यापासून ताठरता गेली. बंद करू का?

स्वतःहून अजिबात नाही. बीपीच्या गोळ्यांपैकी काही जुन्या बीटा ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी असं होतं हे खरं, पण वाढलेल्या बीपीने अस्तर खराब होऊन होणारं नुकसान त्याहून मोठं. गोळी बदलता येते. नेबिव्होलॉल नावाचं बीटा ब्लॉकर तर नायट्रिक ऑक्साइड वाढवतं. डॉक्टरांसमोर बोलायला जीभ वळत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, "या गोळीनंतर संबंधात त्रास होतोय", एवढंच पुरे.

२१. तंबाखू सोडली, चालायला लागलो. फरक कधी दिसेल?

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि बाहेर यायला अजून दोनेक आठवडे, म्हणजे आज केलेला बदल तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये दिसतो. वीस दिवसांनी परत तपासायला येऊ नका, पैसे आणि मन दोन्ही खराब होतात. ताठरतेला वेळ जास्त लागतो, सहा महिने धरा, शुगर जुनी असेल तर अजून. परत येताना मागचा रिपोर्ट सोबत आणा आणि किती दिवसांचं अंतर ठेवलं ते दोन्ही वेळा सारखं असू द्या, नाहीतर दोन रिपोर्टची तुलनाच करता येत नाही.